कृषी केंद्राच्या मालाचे गट पाडताना या चुका टाळा

मृग लागला की दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. नेमक्या त्याच वेळी कॉम्प्युटरवर अकरा नग दिसतात आणि रॅकवर एकही सापडत नाही. मग पोऱ्याला बोलणी बसतात, नाहीतर सॉफ्टवेअरला नावं ठेवली जातात. माझ्या पाहण्यात मात्र खरी गडबड बहुतेक वेळा आधीच झालेली असते, मालाचे गट पाडताना. तालुक्याच्या आणि मोठ्या गावांतल्या कृषी केंद्रांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंपनीच्या नावाने गट

अकोल्या-अमरावतीहून येणारं बिल कंपनीवार असतं, म्हणून नोंदही तशीच होते आणि गटही कंपनीचेच पडतात. पण शेतकरी कंपनी सांगत येत नाही. तो म्हणतो, "भाऊ, पऱ्हाटीवर मावा लई आला, चांगलं औषध दे." इमिडाक्लोप्रिड 17.8 एसएल हे माव्यावरचं पातळ औषध कितीतरी कंपन्यांचं येतं. गट कंपनीचे असले की एक ब्रँड संपला म्हणून गिऱ्हाईक परत जातं, आणि त्याच घटकाच्या दुसऱ्या कंपनीच्या बाटल्या आतल्या खोलीत पडून राहतात. वरून नवी ऑर्डरही जाते.

गट असा ठेवा: कीटकनाशक, त्याखाली घटकाचं नाव टक्केवारीसकट, त्याखाली ब्रँड. टक्केवारी सोडू नका. इमिडाक्लोप्रिड 17.8 एसएल आणि दाणेदार 70 डब्ल्यूजी एकाच नावाखाली गेले तर पंपाला किती टाकायचं हे सांगतानाच चूक होईल. कंपनी कुठे लिहायची? टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात स्टॉक ग्रुप आणि स्टॉक कॅटेगरी वेगवेगळे मिळतात. ग्रुप घटकाचा करा, कॅटेगरी कंपनीची. एक्सेल असेल तर कंपनीचा वेगळा रकाना पुरतो.

काहीजण किडीच्या नावाने गट करतात: मावा, तुडतुडे, बोंडअळी. ऐकायला सोयीचं वाटतं, पण एकच औषध दोन-तीन किडींवर चालतं आणि तीच बाटली दोन ठिकाणी मोजली जाते. कीड आणि पीक शेऱ्यात लिहा, गटात नको.

सगळी "औषधं" एका गटात

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते. कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक आणि वाढ नियंत्रक हे चार गट वेगळे हवेतच, आणि तणनाशकाचं रॅकसुद्धा वेगळं हवं. इमॅझेथापायर हे तणनाशक सोयाबीनमध्ये चालतं, कपाशीवर गेलं तर पीक जातं. 2,4-डी या तणनाशकाचा तर नुसता उडालेला तुषारही कपाशीची पानं आखडून टाकतो. गर्दीत सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांची अदलाबदल झाली तर नुकसान दुकानाचं होत नाही, एका घराच्या वर्षाचं होतं.

प्रत्येक औषधाच्या नोंदीत लेबलवरच्या त्रिकोणाचा रंगही लिहा: लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल सगळ्यात विषारी. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेले मृत्यू आपण विसरलेलो नाही. लाल आणि पिवळा माल देताना हातमोजे आणि मास्कचं सांगायचं राहू नये, म्हणून हा रकाना. दुकानाला जोडून किराणा किंवा ढेप-सरकी असेल तर औषधं त्याच इमारतीत ठेवता येत नाहीत, हा 1971 च्या कीटकनाशक नियमांचा भाग आहे.

एककाचा गोंधळ

खरेदी पेटीत, विक्री नगात, रजिस्टर लिटरमध्ये. 250 मिलीच्या 40 बाटल्यांची पेटी म्हणजे 10 लिटर. यातला एक आकडा चुकीच्या रकान्यात बसला की साठा कधीच जुळणार नाही. 100, 250, 500 मिली आणि 1 लिटर हे वेगळे आयटम करा आणि मोजणी नगातच ठेवा. खतातही तसंच: युरियाची बॅग 45 किलोची, डीएपीची 50 ची. 19:19:19 सारखी विद्राव्य खतं किलोच्या पाकिटात येतात, ती बॅगांच्या गटात मिसळू नका.

प्रत्येक लॉटचा नवा आयटम

बियाण्यात हे फार होतं. एकाच वाणाचे पाच लॉट आले की यादीत पाच नावं येतात आणि एकूण किती बॅगा आहेत ते कुणालाच सांगता येत नाही. वाण हा आयटम, लॉट नंबर आणि मुदत त्याच्या पोटात. आधी मुदत संपणारा लॉट आधी विका, आधी आलेला नव्हे. सोयाबीनचं साल नाजूक असतं. बॅगा आदळल्या किंवा थप्पी फार उंच लावली की उगवण घटते, म्हणून लॉट कुठे ठेवला तेही लिहा.

मुदत संपलेली औषधं गटातून काढू नका, जागा बदला. सॉफ्टवेअरमध्ये वेगळं गोदाम करा, आणि प्रत्यक्षातही माल बाजूला काढून त्यावर "विक्रीसाठी नाही" असा शिक्का मारा.

"इतर" नावाचा गट

तो नकोच. पंपाचे नोझल, ताडपत्री, सुतळी यांना "साहित्य" म्हणा.

बियाणे, खत आणि औषध यांचे परवाने वेगळे आणि जीएसटीही वेगळा: पेरणीच्या बियाण्याला नाही, युरिया-डीएपीला 5 टक्के, रासायनिक कीटकनाशकाला 18 टक्के. सर्वांत वरचे गट याच तीन नावांनी पाडले की रजिस्टर आणि रिटर्न दोन्ही आपोआप सरळ होतात.

तरीही साठा जुळत नसेल तर

पहिल्यांदा एकक तपासा. मग एकच माल दोन नावांनी चढलाय का ते पाहा. "युरिया" आणि "यूरिया" कॉम्प्युटरला दोन वस्तू वाटतात. मग परत आलेला माल. बियाण्याची न फोडलेली बॅग शेतकरी परत आणतो, पैसे घेऊन जातो, पण नोंद राहून जाते. अनुदानित खताचा फरक असेल तर पॉस मशीनचा (शेतकऱ्याचा अंगठा घेऊन खताची विक्री नोंदवणाऱ्या यंत्राचा) साठा आणि गोदामातल्या बॅगा रोज संध्याकाळी ताडून पाहा. नेटवर्क नाही म्हणून अंगठा उद्यावर ठेवून बॅग दिली की फरक तिथेच पडतो, आणि तपासणीत तो गुणनियंत्रण निरीक्षकाला सगळ्यात आधी दिसतो.

गट बदलायचे ते हंगामाच्या मध्यात बदलू नका. 31 मार्चला साठा मोजावाच लागतो. त्याच मोजणीची यादी नव्या गटांत लिहून काढा आणि 1 एप्रिलचा सुरुवातीचा साठा त्यातूनच चढवा. अक्षय्य तृतीयेनंतर बियाण्याच्या गाड्या लागायच्या आत हे आटोपतं.