वाचता येत नाही त्या कागदावर शिक्का मारायची वेळ आली तर : तालुक्याच्या नोटरीचा अनुभव

आमच्याकडे नवीन नोटरी झालेले दोघं-तिघं जण अधूनमधून फोन करतात, दादा एक जर्मन कागद आलाय काय करू, अरबीत मुखत्यारपत्र आलंय घेऊ का. दर वेळी फोनवर तेच तेच सांगून राहिलो म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढतो. मी दारव्ह्याला बसतो, तहसीलच्या बाहेर निंबाखाली टेबल, बाजूला झेरॉक्सवाला, पलीकडे टायपिस्ट. नोटरीचं सर्टिफिकेट मिळून सहा वर्षं होत आली, म्हणजे पाच वर्षांचं रिन्यूअल एकदा होऊन गेलं. दहा वर्षं वकिली केल्यावर (महिला, एससी, एसटी, ओबीसी असाल तर सात) हा शिक्का हातात येतो, पण परक्या भाषेतला कागद समोर आला तर काय करायचं हे मला तरी कोणी सांगितलं नव्हतं. चुकूनच शिकलो.

पहिली चूक सांगतो. शिक्का मिळून चारेक महिने झाले होते. एक शेतकरी आला, त्याचा मोठा भाऊ सौदीत वारला होता, तिकडचे चार पानांचे अरबी कागद होते आणि इन्शुरन्सवाल्यांना त्याची ट्रू कॉपी पाहिजे होती. झेरॉक्सवाल्यानं कॉपी काढल्या, आपल्या सवयीनं डाव्या कोपऱ्यात पिन मारली, मी प्रत्येक पानावर शिक्का मारला, पान १, पान २ असे नंबर टाकले, रजिस्टरला नोंद घेतली, झालं. आठ दिवसांनी नागपूरहून भाषांतर करणाऱ्याचा फोन, म्हणे वकील साहेब, तुम्ही शेवटच्या पानाला पान १ लिहिलंय आणि मृत्यूचं कारण आहे ते पान तुमच्या हिशेबानं ४. अरबी उजवीकडून डावीकडे जाते हे मला माहीत होतं हो, शाळेपासून माहीत होतं, पण कागदाचा गठ्ठासुद्धा उजवीकडून उघडतो हे डोक्यात आलंच नाही. वरून दोन पानांच्या मागच्या बाजूला दूतावासाचे शिक्के होते, ते झेरॉक्समधे आलेच नव्हते. म्हणजे मी ट्रू कॉपी म्हणून जे दिलं ते ना पूर्ण होतं ना सरळ. बिचारा माणूस परत आला, एस्टीनं, एक दिवसाची मजुरी बुडवून. मी पैसे घेतले नाहीत, पण लाज वाटायची ती वाटलीच.

तेव्हापासून परक्या भाषेतला कागद आला की पहिले पानं उलटी करून पाहतो. मागे काही आहे का, कोरं असलं तरी त्याची झेरॉक्स घ्यायला लावतो आणि त्यावर "मागील बाजू कोरी" असं लिहितो.

आता मूळ मुद्दा, जो नव्या लोकांना उशिरा कळतो. नोटरी कायदा १९५२, त्यातलं कलम ८ काढून एकदा शांतपणे वाचा. त्यात आपली कामं वेगवेगळी दिली आहेत आणि गिऱ्हाईक मात्र सगळ्याला एकच शब्द वापरतं, "नोटरी करून द्या". एखाद्यानं माझ्यासमोर सही केली हे सांगणं वेगळं काम, ही झेरॉक्स अस्सल कागदाशी जुळते हे सांगणं वेगळं काम, आणि हे भाषांतर बरोबर आहे हे सांगणं तर फारच वेगळं काम. कलम ८ मधे भाषांतर करणं आणि भाषांतर पडताळणं हे नोटरीचं काम म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे काही जण समजतात की आपल्याला तो अधिकारच आहे, मार शिक्का. अरे अधिकार आहे पण भाषा येते का? मला मराठी, हिंदी, इंग्रजी येते, सासरवाडी पांढरकवड्याकडची असल्यानं थोडी तेलुगू कानावर पडते, संपलं. म्हणून मी मराठी-इंग्रजीचं भाषांतर स्वतः पडताळून देतो, बाकी कुठल्याही भाषेचं "व्हेरिफाइड ट्रान्सलेशन" माझ्या सहीनं बाहेर जात नाही.

मग जर्मन, रशियन, अरबीवाल्याला परत पाठवायचं का? नाही. भाषांतर ज्याला येते त्यानं करायचं आणि त्यानं स्वतः माझ्यासमोर प्रतिज्ञापत्र करायचं, की मला अमुक भाषा आणि इंग्रजी दोन्ही येतात, मी या भाषा कुठं शिकलो, सोबत जोडलेल्या इतक्या पानांचं मी भाषांतर केलं आणि ते माझ्या समजुतीप्रमाणे खरं आणि पूर्ण आहे. मी शपथ देतो आणि त्याच्या सहीवर शिक्का मारतो. भाषांतराची जबाबदारी त्याची, तो माणूस तोच आहे आणि त्यानं शपथेवर सही केली एवढी माझी. जर्मनीत कोर्टानं शपथ दिलेले भाषांतरकार असतात, आपल्याकडे तशी सरकारी यादी-बिदी नाही, म्हणून हे प्रतिज्ञापत्रच काय तो आधार. यात एक गोष्ट पक्की ठेवा, भाषांतर करणारा समोर हजर पाहिजे. व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली, कुरिअरनं सही करून आलं, "तो बिझी आहे साहेब", असल्या कागदावर शिक्का नाही म्हणजे नाही. आमच्याकडून नागपूर लांब पडते हे मलाही कळते, पण मग त्यांनी नागपुरातच नोटरी करून घ्यावी ना, माझं काय अडते.

आणि हो, उर्दू वाचणारा माणूस अरबी अक्षरं वाचून दाखवेल, त्याला अर्थ लागतोच असं नाही. माझ्याकडे एकदा असंच झालं, गावातल्या एका भल्या माणसाला बोलावलं, त्यानं सगळा कागद सुरात वाचला आणि म्हणे "वाचलं त खरं वकील साहेब, पन काय लिहिलं थे नाई समजलं."

मोबाईलवर फोटो काढून भाषांतर दाखवणारं ॲप आहेच, मी रोज वापरतो, पण ते मला स्वतःला अंदाज यावा म्हणून, हा कागद करार आहे का दाखला आहे का पावती. त्याची प्रिंट काढून कोणी आणली तर हात जोडतो.

अंदाज यायला किती महत्त्व आहे ते जर्मनीच्या किश्श्यात कळलं. एक पोरगी, नर्सिंग झालेली, जर्मनीला जायच्या तयारीत, सोबत बाप. जर्मन भाषेतला दोन पानी कागद आणि बापाचा अंगठा घ्यायचा. एजंट फोनवर, "काही नाही सर, पालकांचं संमतीपत्र आहे, फक्त शिक्का". बाप म्हणे, "मले का समजते त्यातलं साहेब, पोरगी म्हनते तसं, मारून द्या न एक शिक्का." आता अंगठेबहाद्दराच्या कागदावर आपण लिहितो काय, की मजकूर वाचून समजावून सांगितला, त्यानं कबूल करून अंगठा दिला. मराठी कागदावर हे वाक्य आपण सवयीनं लिहून टाकतो, इथं लिहिलं असतं तर सरळ सरळ खोटं झालं असतं. मी पोरीला म्हटलं, तुला जर्मन येते ना, बी-टू (जर्मनची वरची परीक्षा) झालीस म्हणते, वाच बरं बापाला. तिनं तोवर तो कागद नीट पाहिलाच नव्हता. वाचता वाचता थांबली, आणि बापाकडे पाहून म्हणे, "बाबा, याच्यात लिहून हाय का मी कोर्स अर्ध्यात सोडला त थे पैशे तुमाले भरून द्या लागतीन." संमतीपत्र नव्हतंच ते, हमीपत्र होतं, आणि रक्कम युरोत होती. मी तिचं भाषांतर धरलं नाही, कारण तिचाच फायदा-तोटा त्यात गुंतलेला, पण त्या दिवशी अंगठा घेतला नाही. पंधरा दिवसांनी नागपूरच्या भाषांतरकारानं केलेलं इंग्रजी आणि त्यावरून मी केलेलं मराठी, दोन्ही सोबत जोडून, बापाला ओळीनं ओळ वाचून दाखवून मग अंगठा झाला. त्यानं दिला अंगठा, समजून दिला, ते त्याचं त्यानं ठरवलं.

नावांचं वेगळंच दुखणं आहे. अरबीत "प" नाही, त्यामुळे पवारचा बवार होतो, पाटीलचा बातील. रशियनमधे "ज" साठी दोन अक्षरं जोडतात, तिकडे एमबीबीएस केलेल्या पोराचं नाव विजय असेल तर परत इंग्रजीत येताना विद्झाय होऊन येते आणि मग इकडचा कारकून म्हणतो हा माणूस दुसरा आहे. भाषांतरकाराला आधीच पासपोर्टची कॉपी द्यायला सांगा, नाव पासपोर्टप्रमाणे लिहून खाली एक टीप, मूळ कागदात उच्चार असा आहे. तरीही अडलं तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं. आकडेही पाहून घ्या, अरबीत गोल काढला की तो पाच असतो, शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि त्यांचा सहा हुबेहूब इंग्रजी सातसारखा. सौदीच्या कागदावर साल १४४५ दिसलं तर घाबरू नका, हिजरी आहे, आपलं २०२३-२४.

गिऱ्हाईक हमखास विचारते, नोटरी झाली म्हणजे परदेशात चालते ना? तर नाही. परदेशात कागद चालायला अपॉस्टिल (कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचा दाखला) लागते, ते परराष्ट्र मंत्रालय देते, आपण नाही. १९६१ चा हेगचा करार आहे, भारतात १४ जुलै २००५ पासून लागू. पण जर्मनीनं भारताच्या बाबतीत हरकत घेतलेली आहे, म्हणून तिथं आपलं अपॉस्टिल धरत नाहीत, त्यांच्या दूतावासाची वेगळी पद्धत असते. यूएई, कुवेत करारात नाहीतच, तिथं दूतावासाचं अटेस्टेशन. सौदी डिसेंबर २०२२ पासून आत आली, पण जुने एजंट अजून जुनाच रस्ता सांगून पैसे घेतात. आपण एवढंच सांगायचं की बाबा, ज्या ऑफिसला कागद द्यायचा त्यालाच मेल करून विचार, आणि ते उत्तर छापून आण.

उलट्या दिशेचं काम आमच्या भागात जास्त, म्हणजे भाऊ कुवेतला आणि इथं शेत विकायचं. मुखत्यारपत्र तिकडून येते, कधी अरबी-इंग्रजी, कधी नुसतं अरबी. नोंदणी कायद्याचं कलम १९ लक्षात ठेवा, दुय्यम निबंधकाला जी भाषा समजत नाही आणि जिल्ह्यात जी सर्रास वापरात नाही त्या भाषेतला दस्त, सोबत खरं भाषांतर आणि खरी नक्कल नसेल तर त्यानं नाकारायचाच आहे. तो त्रास देत नाही, कायदा तसा आहे. आणि कलम ३३ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारा भारताबाहेर असेल तर तिथल्या नोटरी, कोर्ट किंवा भारतीय वाणिज्य दूतासमोर केलेलं चालते. मी नेहमी सांगतो भारतीय दूतावासात जा आणि इंग्रजीतच कर, भाषेचा सगळा झमेलाच मिटतो. वरून महाराष्ट्रात कागद आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरायचं असते, लोक लिफाफा कपाटात ठेवून देतात आणि गिऱ्हाईक सापडलं की सहा महिन्यांनी माझ्याकडे येतात, म्हणून लिफाफासुद्धा फेकू नका म्हणतो, तारीख त्याच्यावरच असते.

रजिस्टरमधे मी अशा कागदासाठी जास्तीची ओळ लिहितो, भाषा कोणती, पानं किती, "मजकूर मला अवगत नाही, फक्त सही साक्षांकित" किंवा "फक्त अस्सलशी रुजवात" (म्हणजे अस्सल कागदाशी ताडून पाहिलं एवढंच). तेच वाक्य शिक्क्याखालीही. काही गिऱ्हाइकांना हे वाक्य आवडत नाही, त्यांना वाटते कागद कमजोर झाला. एकजण तर रागानं उठून गेला, बाजूच्या टेबलावरून करून आणलं आणि मला दाखवून गेला. असो. फीचं म्हणाल तर नियमातली यादी ऑफिसच्या आत आणि बाहेर लावणं बंधनकारक आहे, परका कागद आहे म्हणून दुप्पट घेऊ नका, भाषांतरकाराचे पैसे त्याचे त्याला, आपल्या हातातून जाऊ देऊ नका.

परवा आर्णीकडचा एक पोट्टा जपानी कागद घेऊन आला, पाच पानं, उभ्या ओळी. कुठून सुरुवात आहे तेच कळेना. त्याला विचारलं तर तो म्हणे मलेच तुमाले विचारायचं होतं. मग आम्ही दोघांनी चहा मागवला आणि झेरॉक्सवाल्याला सांगितलं, सध्या पिन मारू नको.