निवेदन दिलं, फोटो निघाला, काम मात्र अडलं? या चुका टाळा

आमच्या गावातली शाळा सव्वापाचला सुटते. तालुक्याकडे जाणारी एसटी पावणेपाचलाच निघून जायची. शेजारच्या वाड्यांमधल्या मुलींकडे अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास होता, पण पास दाखवायला गाडीच नव्हती. दोन वर्षांत आम्ही आमदारांना तीन निवेदनं दिली. तिन्ही वेळा शाल, नारळ, फोटो आणि व्हॉट्सॲपवर ‘गावकऱ्यांचे निवेदन सादर’. गाडी पावणेपाचलाच जात राहिली.

मग गावातल्या एका निवृत्त कारकून काकांनी आमचं तिसरं निवेदन मागवून घेतलं. दोन पानं वाचली आणि विचारलं, “या कागदावर साहेबांनी शेरा मारायचा तो कुणाच्या नावानं?” आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आमदार किंवा खासदार तुमचा प्रश्न स्वतः सोडवत नाहीत. त्यांचे स्वीय सहायक कागद चाळतात, साहेब कोपऱ्यात ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असं लिहून सही करतात आणि कागद कुठल्यातरी कार्यालयात जातो. तिथल्या कारकुनाला त्यातून काही करता आलं, तर काम हलतं. म्हणजे पत्रावर नाव आमदारांचं असलं, तरी ते लिहायचं त्या कारकुनासाठी.

चुकीचं दार ठोठावणं

सगळ्यात जास्त पत्रं इथेच वाया जातात. रस्त्याचंच घ्या. खड्डा सगळीकडे सारखाच दिसतो, पण रस्त्याचा मालक वेगळा असतो. कडेचा मैलाचा दगड बघा. वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे केंद्राचं खातं आणि खासदार. हिरवा असेल तर राज्य महामार्ग, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग आणि आमदार. गावात शिरणारा ग्रामीण रस्ता बहुतेक वेळा जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असतो. तिथे आधी जिल्हा परिषद सदस्याला गाठायचं. रेल्वेच्या थांब्यासाठी आमदारांच्या मागे लागलेले लोक मी पाहिलेत. आमदार नाही म्हणत नाहीत, शिफारस पत्र देतात आणि सहा महिने निघून जातात. रेल्वेचा विषय खासदारांचा: ते लोकसभेत शून्य प्रहरात किंवा नियम ३७७ खाली तो मांडू शकतात.

शहरात आणखी एक घोळ असतो. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर बराच काळ प्रशासकाने कारभार पाहिला. त्या काळात ‘मा. नगरसेवक’ म्हणून लिहिलेल्या पत्राला अधिकृत वाली नव्हता. पत्र टाइप करायला बसण्यापूर्वी त्या खुर्चीवर आज कुणी निवडून आलेलं आहे का, एवढं विचारून घ्या.

निधी मागतानाही तसंच. खासदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामं सुचवता येतात, पण ती टिकाऊ आणि सार्वजनिक मालमत्तेची. वाचनालयाची खोली त्यात बसते, ग्रंथपालाचा पगार बसत नाही. खासगी जागेवरच्या सभामंडपासाठी कितीही सह्या जमवल्या, तरी फायदा नाही.

विषय : गावातील विविध समस्यांबाबत

ही ओळ लिहिली की पत्र मेलंच म्हणून समजा. आमच्या तिसऱ्या निवेदनात एसटी, पाण्याची टाकी, स्मशानभूमीची शेड, वीज आणि तलाठी वेळेवर न येणं, असं सगळं होतं. हा कागद पाच कार्यालयांचा. तो जाणार कुठे? बहुतेक फाइलीतच. एका पत्रात एकच मागणी ठेवा. पाच मागण्या असतील तर पाच पत्रं द्या, त्याच दिवशी दिली तरी चालतील.

चौथ्या पत्राचा विषय आम्ही असा लिहिला: ‘संध्याकाळी ४.४५ ची एसटी फेरी ५.३० वाजता सोडण्याबाबत’. आगारात हे वाचणाऱ्याला पुढचं वाचायची फारशी गरजच नव्हती.

मायना थोडक्यात आटपा. ‘आपल्या खंबीर नेतृत्वाखाली मतदारसंघाचा झालेला कायापालट’ ऐकून साहेब खूश होत असतील, पण आगार व्यवस्थापकाचा त्याच्याशी काय संबंध?

आकडा नसणं

‘विद्यार्थिनींची प्रचंड गैरसोय होत आहे.’ प्रचंड म्हणजे किती? काकांनी आम्हाला शाळेत पिटाळलं. मुख्याध्यापिका बाईंनी वर्गवार यादी दिली: पासवाल्या मुली ४३. बाईंच्या सहीचं, शाळा सुटण्याच्या वेळेचं पत्र जोडलं. मग एक आठवडा पावणेपाचच्या गाडीत गावातून किती जण चढतात ते मोजलं. कधी चार, कधी सहा. एवढंच पत्रात घातलं. वेळ बदलली तर गाडी भरून जाईल, हे आम्हाला कुठेही लिहावं लागलं नाही.

जुनी कागदपत्रं असतील तर ‘संदर्भ’ म्हणून तारखेसह लिहा आणि झेरॉक्स जोडा. ग्रामसभेचा ठराव असेल तर उत्तमच. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात; त्यातल्या एकीत विषय मांडून ठराव करून घ्यायला पैसे लागत नाहीत.

सह्यांबद्दल एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. सह्यांचे कागद वेगळे असतात आणि टाचणी निघाली की ते अनाथ होतात. प्रत्येक पानावर वर विषय आणि तारीख लिहा. आणि एकाच हातानं केलेल्या वीस सह्या कारकुनाला लगेच ओळखू येतात, बरं का.

‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’

पहिल्याच पत्रात हे वाक्य नको. ते इतक्या निवेदनांत असतं की आता कुणी वाचतच नाही. आंदोलनाची तारीख दिलीत, तर त्या दिवशी खरंच बसावं लागेल. नाहीतर पुढच्या पत्राचं वजन गेलं.

वेळ चुकणं

विधिमंडळाची वर्षात साधारण तीन अधिवेशनं: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. अधिवेशन सुरू झाल्यावर लोक पत्र घेऊन धावतात. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते, मात्र खूप आधी द्यावे लागतात. अर्थसंकल्पात काही हवं असेल, तर दिवाळीनंतर लगेच कामाला लागा. तुमचे आमदार मंत्री असतील तर ते सभागृहात प्रश्न विचारू शकत नाहीत. अशा वेळी विधान परिषदेकडे वळा. तिथल्या ७८ सदस्यांपैकी ७ पदवीधरांमधून आणि ७ शिक्षकांमधून निवडून येतात. शाळेचा विषय असेल तर शिक्षक आमदार सहसा ऐकतात.

दिलं, पण काहीच झालं नाही

आधी पोच शोधा. फोटो म्हणजे पोच नव्हे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि शक्य तिथे आवक क्रमांक घ्या. टपालानं पाठवलं असेल तर पावती जपून ठेवा. २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच मिसळलं आहे, म्हणून खिडकीवर तेच मागा.

पंधरा दिवसांनी स्वीय सहायकांना फोन करून एवढंच विचारा: पत्र कुठल्या कार्यालयाला पाठवलं आणि जावक क्रमांक काय? क्रमांक मिळाला की पुढचा पाठपुरावा थेट त्या कार्यालयात करा. सरकारी कार्यालय असेल तर दप्तर दिरंगाई कायद्याची नम्र आठवण करून द्या. २००५ च्या या कायद्यानुसार फाइल एका टेबलावर सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. तरीही शांतता असेल, तर तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ‘काम का झालं नाही?’ असं विचारू नका. त्यावर उत्तर मिळत नाही. ‘अमुक तारखेच्या पत्रावरील टिप्पणीची प्रत द्यावी’ असं मागा. मुदत ३० दिवसांची असते, पण आमच्या अनुभवात फाइल बहुतेक वेळा त्याआधीच हलते.

आम्हाला अर्जाची गरज पडली नाही. एसटी आता साडेपाचला येते. सध्या रविवारच्या फेरीचं पत्र चाललंय. त्या दिवशी शाळा नसते, म्हणून ४३ चा आकडा उपयोगाचा नाही. बाजाराला जाणाऱ्यांची मोजणी काकांनी माझ्याच गळ्यात घातली आहे.