वेल्सच्या जुन्या जमीनदाराची कुंडली कशी काढायची

समजा गॉडफ्रे मॉर्गन, म्हणजे लॉर्ड ट्रेडेगर (1831–1913) घेतले. आधी डिक्शनरी ऑफ वेल्श बायोग्राफी उघडा, ऑनलाइन फुकट आहे, तारखा पक्क्या करा. मग 1873 चं जमीनमालकांचं सरकारी रिटर्न, म्हणजे यादी, कोणाची किती एकर ते त्यात कळतं. खरी मजा वेल्श न्यूजपेपर्स ऑनलाइनमध्ये, 1919 पर्यंतचे पेपर आहेत, स्पेलिंग बदलून बदलून सर्च मारा, न्यूपोर्टच्या बेलव्ह्यू पार्कला यांनी जमीन दिली वगैरे सापडेल. पण पेपरवाले साहेबांची आरतीच ओवाळतात हां, सगळं खरं मानू नका. आणि जमलं तर ट्रेडेगर हाऊसला, म्हणजे या घराण्याच्या न्यूपोर्टमधल्या वाड्याला, जाऊनच या, तिथल्या बागेत सर ब्रिग्ज घोड्याची समाधी आहे, 1854 ला क्रिमियन युद्धातल्या बालाक्लाव्हाच्या घोडदळाच्या चढाईतून साहेब याच्याच पाठीवर जिवंत परतले.