पाटणादेवीचा शिलालेख नीट कसा पाहावा

चाळीसगावहून पाटणादेवी साधारण १८ किलोमीटर. दर्शन झालं की घाईने बाहेर पडू नका. देवळातला शिलालेख खानदेशाचं खरं धन आहे. शके ११२८चा हा लेख. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, ही नोंद त्यात आहे.

बॅटरी समोरून मारली तर अक्षरं सपाट दिसतात. ती दगडालगत, बाजूने तिरपी धरा. खाचांत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. मजकूर संस्कृत, शेवटी जुनी मराठी. तिथे जास्त वेळ द्या. खडू, तेल, पाणी अजिबात लावू नका, खाचा बुजतात.

पावसाळ्यात नाल्याला पाणी चढलं असेल तर केदारकुंडाकडे जाऊ नका.