तीन जनुकांचा क्रम आणि अंतर एकाच संकरातून कसे काढावे

एकाच गुणसूत्रावरील जनुकांचा क्रम ठरवायचा असेल, तर दोन-दोन जनुकांचे वेगळे संकर करण्यापेक्षा तीन जनुकांचा एकच संकर करावा, कारण दुहेरी क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे जोडीतील गुणसूत्रांच्या तुकड्यांची दोन जागी झालेली अदलाबदल, फक्त त्यातच ओळखू येते आणि क्रमाचा खरा पुरावा तेच देते. जनुकशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी 1913 मध्ये फळमाशीच्या एक्स गुणसूत्राचा पहिला नकाशा प्रसिद्ध केला. आपणही त्याच गुणसूत्रावरील शेंदरी डोळे, कातरलेले पंख आणि पंखांतील आडव्या शिरांचा अभाव ही तीन लक्षणे घेऊ.

शेंदरी डोळ्यांच्या कुमारी माद्यांचा संकर उरलेली दोन्ही लक्षणे असलेल्या नरांशी करावा. माद्या नराचे शुक्राणू साठवून ठेवतात, म्हणून 25 अंश तापमानाला कोशातून बाहेर पडल्यापासून आठ तासांच्या आत त्या वेगळ्या कराव्यात. यांच्या विषमयुग्मी (प्रत्येक जनुकाची दोन वेगळी रूपे असलेल्या) मुलींना पुढे कोणताही नर चालतो. मात्र त्यांची फक्त नर संतती मोजावी, कारण तिला एक्स गुणसूत्र केवळ आईकडून मिळते.

समजा, असे 1,000 नर मोजले. केवळ शेंदरी डोळ्यांचे 402 आणि कातरलेल्या, आडव्या शिरा नसलेल्या पंखांचे 410, हे सर्वांत मोठे गट म्हणजे मूळ जोडण्या. सर्वांत लहान गट दुहेरी क्रॉसिंग ओव्हरचे: शेंदरी डोळे व कातरलेले पंख एकत्र असलेले 2, आणि केवळ आडव्या शिरा नसलेले 2. मूळ जोडणीशी ताडून पाहता जागा बदललेले लक्षण कातरलेल्या पंखांचे आहे, म्हणून तेच जनुक मध्ये. आकडेमोड करण्यापूर्वी हा क्रम पक्का करावा, अन्यथा पुढचे प्रत्येक अंतर चुकते.

आता तिन्ही लक्षणे असलेले 64 आणि एकही नसलेले 62 हे शेंदरी–कातर या टप्प्यातील एकेरी बदल. त्यांत दुहेरीतील 4 मिळवून 130, म्हणजे 13 सेंटिमॉर्गन (1 सेंटिमॉर्गन म्हणजे शंभरात एक बदललेली जोडणी). शेंदरी डोळे व शिरांचा अभाव एकत्र असलेले 30 आणि केवळ कातरलेल्या पंखांचे 28 हे दुसऱ्या टप्प्यातील. तेथेही तेच 4 मिळवून 62, म्हणजे 6.2 सेंटिमॉर्गन. टोकांमधील अंतर 19.2 होते. केवळ टोकांची दोन जनुके पाहिली असती, तर 18.4 इतकेच दिसले असते, कारण दुहेरी बदलात टोकांची मूळ जोडणी परत येते.

दोन्ही बदल परस्परांपासून स्वतंत्र असते, तर 0.13 × 0.062 × 1,000 म्हणजे सुमारे 8 दुहेरी नर अपेक्षित होते, मिळाले 4. म्हणजे एका क्रॉसिंग ओव्हरने शेजारच्या दुसऱ्याला अटकाव केला आणि हा व्यत्यय, म्हणजे अपेक्षित दुहेरींपैकी न घडलेल्यांचा हिस्सा, सुमारे 0.5 आहे. इतक्या लहान गटांवरून काढलेला हा आकडा मात्र स्थूलच मानावा. तो नेमका हवा असल्यास मोजणी कित्येक पटींनी वाढवावी.