पार्लरचा शाम्पू आणि टँकरचं पाणी: केसांवर पैसे घालताना या चुका टाळा

गेल्या दिवाळीच्या आधी बाथरूमची फळी आवरायला घेतली. शाम्पूच्या तीन बाटल्या, एक मास्क, एक सीरम, कांद्याचं तेल, सगळं अर्धवट वापरलेलं. सहज म्हणून एमआरपीची बेरीज केली तर ६,८४० रुपये. त्यातले साडेतीन हजार एकट्या पार्लरवाल्या जोडीचे, म्हणजे शाम्पू आणि मास्क. आणि एवढं करून केस कसे, तर काथ्यासारखे.

त्याच वर्षी मे महिन्यात देवरूखला मावशीकडे आठ दिवस होते. बाटली घरीच राहिली म्हणून नाक्यावरच्या दुकानातून शाम्पूच्या चार पुड्या आणल्या. दुसऱ्यांदा न्हायल्यावर केस हाताला इतके मऊ लागले की मी मावशीलाच विचारलं, ह्या पुडीत असतं काय? ती म्हणाली, "पुडीत कसलं काय, पाणी आमच्या विहिरीचं आहे." मी हसून सोडून दिलं. पुण्याला परतल्यावर पहिल्याच न्हाणाला पुन्हा काथ्या. मावशीचं म्हणणं डोक्यात शिरायला मला दिवाळी उजाडली, तोवर पार्लरची जोडी घेऊन झाली होती.

तेव्हा महागड्या वस्तूंनी फरक पडतो का, याचं माझं उत्तर असं: पडतो, पण आपण बहुतेक वेळा पैसे भलत्याच बाटलीत घालतो.

पाणी न बघता शाम्पू बदलत राहणं

आमच्या सोसायटीत वर्षातले सहा-सात महिने बोअर आणि टँकर. नळाच्या तोंडाशी पांढरं कीट, बादलीच्या आत पांढरी कड, गीझरची कॉइल दर दीड वर्षाने बदलायची. हे सगळं डोळ्यांसमोर होतं, पण तेच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवरही बसतं हे सुचलं नाही. केस राठ होतात, गुंता वाढतो, चमक जाते, आणि आपण म्हणतो हा शाम्पू सूट होत नाही.

घरच्या घरी बघायचं असेल तर दोन बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत आरओचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाकून जोरात हलवा. साबणच घ्या, शाम्पू किंवा भांड्यांचं लिक्विड नको, ते जड, म्हणजे असे क्षार असलेल्या पाण्यातही फेस करतात. आरओच्या बाटलीत भरपूर फेस येईल. नळाच्या बाटलीत फेस कमी आणि पाणी फाटलेल्या दुधासारखं झालं, तर तुमचा प्रश्न शाम्पूचा नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. शेवटचे दोन मग आरओच्या पाण्याचे घ्या. महिन्यातून एक-दोनदा ईडीटीए असलेला क्लॅरिफाइंग शाम्पू वापरा, तो धातूंचे क्षार धरून ठेवतो आणि पाण्याबरोबर जाऊ देतो. शॉवरला लावायचे छोटे फिल्टर मात्र बघून घ्या. त्यातले बरेचसे क्लोरीन कमी करतात, पाण्याचा जडपणा काढत नाहीत. त्यासाठी मीठ घालावं लागतं तो मोठा सॉफ्टनरच लागतो. आणि एक, आरओतून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्याने केस धुणारी माणसं मला भेटली आहेत. त्या पाण्यात क्षार उलट जास्त असतात. ते फरशीलाच बरं.

सगळ्यात जास्त पैसे शाम्पूवर घालणं

शाम्पू केसांवर किती वेळ असतो? दीड मिनिट, फार तर दोन. मग मोरीतून जातो. बाटली उलटी करून घटकांची यादी वाचली तर सुरुवातीचे चार-पाच शब्द स्वस्तातल्या आणि महागातल्या शाम्पूत बऱ्याचदा तेच निघतात: पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, दाटपणासाठी चक्क मीठ, सुगंध. यादीत घटक जास्तीकडून कमीकडे लावलेले असतात. बाटलीच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरात असलेलं मोरोक्कोचं आर्गन तेल सुगंधाच्याही खाली सापडलं, तर ते नावापुरतंच आहे असं समजा.

कंपन्यांची घराणीही बघा. गार्निए आणि केरास्तास दोन्ही लोरेआलचे. क्लिनिक प्लस, डव्ह आणि ट्रेसमे तिन्ही युनिलिव्हरचे. म्हणजे दोन्ही बाटल्यांत एकच माल आहे असं नाही, पण केस स्वच्छ करण्याची विद्या काही फक्त महागड्या बाटलीपुरती राखून ठेवलेली नसते.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. २०१४ साली ब्राझीलमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १२३ शाम्पूंचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), मोजून प्रसिद्ध केला. बाजारात सर्रास मिळणाऱ्यांपैकी साधारण ३८ टक्क्यांचाच पीएच ५.५ किंवा त्याखाली होता, तर सलोनमधल्या शाम्पूंपैकी ७५ टक्क्यांचा. पीएच चढा असला की केसाचे खवले उघडतात, घर्षण वाढतं, केस भुरभुरतात. तेव्हा सलोनच्या मालात काहीच नसतं असं म्हणता येणार नाही. पण हीच कसर नंतर लावलेलं साधं कंडिशनर बऱ्यापैकी भरून काढतं, आणि पीएचच्या कागदी पट्ट्या शाम्पूच्या एका बाटलीपेक्षा स्वस्त मिळतात.

किंमत बघताना भाव दर मिलीचा काढा. आपल्याकडे एक गंमत आहे. मोठं पॅक स्वस्त हा नियम शाम्पूला बऱ्याचदा लागू होत नाही. १९८३ साली तमिळनाडूतल्या कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी १५,००० रुपयांवर चिक शाम्पूचा धंदा सुरू केला आणि पुडी गावोगाव नेली. तेव्हापासून पुडीवर इतकी चुरस आहे की पुष्कळदा तोच शाम्पू बाटलीपेक्षा पुडीत स्वस्त पडतो. मोबाइलवर भागाकार करून बघा. (प्लॅस्टिकच्या कचऱ्याचं मात्र काय करायचं, हा प्रश्न उरतोच.)

कंडिशनरला घाबरणं

कंडिशनरने केस गळतात, ही समजूत आमच्या घरात माझ्या आईपासून आहे. कंडिशनर लावताना बोटांना जे केस येतात ते आधीच सुटलेले असतात, निसरडेपणामुळे एकदम हाती लागतात इतकंच. तो टाळूला चोळायचा नाही. कानाच्या खालच्या लांबीला लावायचा, रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर सोडवत यायचं, दोन-तीन मिनिटांनी धुवायचं. यादीत सीटाइल किंवा सीटेरिल अल्कोहोल दिसलं म्हणून बाटली परत ठेवू नका, ते केस कोरडे करणारं अल्कोहोल नव्हे, मेणासारखं मऊ करणारं आहे. शाम्पूतून वाचलेले पैसे कुठे घालायचे तर इथे, कारण ह्याचा थर केसांवर राहतो. तेही दोन-तीनशेत भागतं.

साधं खोबरेल सोडून नावाजलेल्या तेलांमागे लागणं

खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं. त्यातलं लॉरिक ॲसिड आकाराने लहान आणि सरळ साखळीचं असल्याने ते आत जातं, आणि धुताना केसातलं प्रोटीन कमी निघतं. २००३ साली रेळे आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली, त्यात फक्त खोबरेलाने हे साधलं. दोघं मुंबईच्या मॅरिकोमधले, म्हणजे पॅराशूट बनवणाऱ्या कंपनीतले, हे लक्षात ठेवूनच तो निष्कर्ष वाचायचा. पण तेल आत शिरण्याची कारणमीमांसा पटण्यासारखी आहे.

तेल न्हाण्याच्या आधी लावायचं. रात्रभर थापून ठेवलंच पाहिजे असं नाही, आणि भरमसाट लावलं तर ते काढायला दोनदा शाम्पू करावा लागून मिळवलेलं सगळं जातं. जाता जाता: खोबरेलाच्या छोट्या बाटलीवर "खाद्यतेल" का लिहिलेलं असतं, ठाऊक आहे? केसांचं तेल म्हटलं की १८ टक्के जीएसटी आणि खायचं म्हटलं की ५, असा फरक होता. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेलही खाद्यतेल ठरू शकतं असा निकाल लागला. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये केसांच्या तेलाचा आणि शाम्पूचाही कर ५ टक्क्यांवर आला.

कांद्याच्या तेलाचं म्हणाल, तर त्यामागे बहुधा जो दाखला दिला जातो तो २००२ सालचा इराकमधला प्रयोग आहे. जेमतेम ३८ रुग्ण, तेही चाई पडलेले, म्हणजे डोक्यावर केस जाऊन गोल चकत्या झालेले, आणि लावायचा होता कच्च्या कांद्याचा ताजा रस, दिवसातून दोनदा. सुगंधी बाटलीतल्या तेलाचा आणि रोजच्या केसगळतीचा त्यात संबंध नाही.

केसगळतीवर शाम्पू शोधणं

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो, म्हणून इथे थोडं थांबते.

डोक्यावर दिसतो तो केस मेलेला असतो. जिवंत भाग टाळूच्या आत, मुळाशी. वरून लावलेली गोष्ट दिसणारा केस गुळगुळीत करेल, तुटण्यापासून वाचवेल, फाटे फुटलेली टोकं तात्पुरती चिकटवेल. मुळाशी काय चाललंय त्यावर दोन मिनिटांच्या शाम्पूचा जोर नाही. दिवसाला ५० ते १०० केस गळणं तर नेहमीचंच. आठवड्यातून दोनदा न्हाणाऱ्यांना ते एकदम दिसतात आणि पोटात गोळा येतो.

माझ्या वहिनीला डेंग्यू झाला होता. बरी झाली, आणि अडीच महिन्यांनी मूठमूठ केस यायला लागले. ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट, यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस असे झडतात, कारण धक्का बसतो तेव्हा पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि ती संपली की एकत्रच पडतात. तिला हे कुणी सांगितलं नाही. तिने ऑनलाइन "हेअर फॉल किट" मागवलं, तीन महिन्यांचं. चौथ्या महिन्यात गळणं थांबलं, कपाळाशी बारीक बारीक नवे केस उभे राहिले. ती आजही त्या किटचं नाव सगळ्यांना सांगते. किट नसतं तरी तिचे केस बहुतेक याच सुमाराला परत आले असते. हेअर फॉलच्या जाहिरातींमधले कितीतरी खरेखुरे "मला फरक पडला" असेच तयार होत असणार. माणसं खोटं बोलत नसतात, नुसता योग जुळून आलेला असतो.

पण भांग रुंद होत चालला असेल, पुरुषांच्या बाबतीत कपाळाचे कोपरे मागे सरकत असतील, किंवा रुपयाएवढी गुळगुळीत चकती दिसली असेल, तर किट नको, त्वचारोगतज्ज्ञ गाठा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड हे आधी बघून घ्यावं लागतं. आनुवंशिक टक्कल असेल तर मिनॉक्सिडिल हे पुरावा असलेलं औषध केमिस्टकडे महिन्याला काही शे रुपयांत मिळतं. मात्र चार-सहा महिने धीर धरावा लागतो, सुरुवातीला केस थोडे जास्तच गळतात, आणि गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना ते वापरायचं नाही. पहिल्या महिन्यात घाबरून सोडून देणं ही त्यातली नेहमीची चूक.

बायोटिनच्या, म्हणजे ब गटातल्या एका जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचंही असंच. शरीरात बायोटिन खरोखर कमी असणं दुर्मीळ आहे, आणि मोठ्या डोसमुळे थायरॉइड आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीचे आकडे चुकू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१७ मध्येच तसा इशारा दिला आहे. गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

कोंड्यावर तेल

कोंडा दिसला की टाळू कोरडी पडली असं म्हणून तेल चोपडतात. कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट असतं आणि ते टाळूच्या तेलावरच पोसतं. केमिस्टकडचा २ टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. लावला की लगेच धुवायचा नाही, तीन-पाच मिनिटं तसाच ठेवायचा. "औषधी शाम्पूने काही झालं नाही" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी तो घाईघाईत धुतलेला असतो, असा माझा अंदाज.

केरॅटीनच्या नावाखाली काय लावतात ते न विचारणं

पार्लरमध्ये चार-सहा हजारांना केस सरळ करून देतात त्याला केरॅटीन म्हणा, बोटॉक्स म्हणा, सरळ करण्याचं काम बहुधा फॉर्माल्डिहाइड किंवा ग्लायऑक्सिलिक ॲसिड करतं. ग्लायऑक्सिलिकच्या ट्रीटमेंटनंतर किडनीला इजा झाल्याची प्रकरणं इस्रायल आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत. डोळे चुरचुरले तर सहन करत बसू नका, उठा. आणि बाटलीवरची यादी दाखवायला नकार मिळाला तर त्या खुर्चीत बसूच नका.

मग महाग काय घ्यावं?

केस ब्लीच करून रंगवले असतील तर आतले बंध खरोखर तुटलेले असतात. तिथे २०१४ मध्ये आलेल्या ओलाप्लेक्ससारख्या बाँड बिल्डरवर खर्च केला तर समजण्यासारखं आहे. रोज स्ट्रेटनर लागत असेल तर हीट प्रोटेक्टंट घ्या, आणि ओल्या केसांवर तापलेली पट्टी कधीच फिरवू नका, आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे धरतात आणि तिथेच तो तुटतो. खूप कुरळ्या केसांना चांगलं लीव्ह-इन, म्हणजे न धुता तसंच ठेवायचं कंडिशनर, महाग असलं तरी परवडतं. आणि दर तीन महिन्यांनी टोकं कापून घ्यायला ज्याचा हात चांगला आहे, त्याला दोन पैसे जास्त द्यावेत. फाटा फुटलेलं टोक कुठल्याच क्रीमने कायमचं जुळत नाही.

माझ्या फळीवर आता एक मध्यम किमतीचा शाम्पू, एक कंडिशनर, खोबरेल आणि आरओच्या पाण्याची दोन लिटरची बाटली असते. पार्लरची जोडीही अजून आहे. मास्क बहिणीने नेला, तिने केस ब्लीच केलेत. शाम्पू मी दर रविवारी कंगवे धुवायला वापरते. कोमट पाण्यात थोडा घालून अर्धा तास ठेवायचे. कंगवे मात्र चकचकीत निघतात.