हाडात रॉड-प्लेट आहे? जंतुसंसर्गाच्या बाबतीत या चुका टाळा

मोडलेल्या हाडात प्लेट किंवा रॉड बसवल्यावर, गुडघा किंवा खुबा बदलल्यावर आत जंतुसंसर्ग होणं तसं क्वचितच घडतं. ठरवून केलेल्या सांधेबदलात आणि कातडी न फाटलेल्या फ्रॅक्चरमध्ये हे प्रमाण साधारण १ ते २ टक्के असतं. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल तर हिशेब बदलतो. फार वाईट जखमांमध्ये हा आकडा ३० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो. पण ज्यांच्या वाट्याला हे येतं त्यांचे महिनेच्या महिने त्यात जातात, आणि ते लांबण्यामागे अनेकदा सुरुवातीच्या काही दिवसांतली चालढकल असते.

धातू काही स्वतः सडत नाही. अडचण अशी की त्याला रक्तपुरवठा नसतो, आणि पांढऱ्या पेशी काय किंवा औषध काय, दोन्ही येतात रक्तातूनच. १९५७ साली एलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकोकस जंतू टोचून पाहिले. नुसत्या त्वचेत पू व्हायला काही दशलक्ष जंतू लागले. तिथे रेशमाचा एक टाका असला की काही शेकड्यांत काम भागलं. एका धाग्याने एवढा फरक पडतो, मग फूटभर लांबीच्या रॉडचं काय!

धातूवर बसलेले जंतू स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. याला बायोफिल्म म्हणतात. सकाळी उठल्यावर दातांवर जिभेला जाणवतो तो बुळबुळीत थर हीसुद्धा बायोफिल्मच. या थरातले जंतू मोकळ्या जंतूंच्या मानाने हजारपटीपर्यंत जास्त औषध पचवू शकतात. दातांवरचा थर ब्रशने खरवडून निघतो, रॉडवरचा नुसत्या गोळ्यांनी निघत नाही. पुढच्या बहुतेक चुका हे लक्षात न घेतल्यामुळे होतात.

‘थोडं पाणी येतंय, येईल बंद’

पहिले दोन-तीन दिवस ड्रेसिंगवर लालसर किंवा पिवळट ओल दिसणं स्वाभाविक आहे. पाहायचं ते इतकंच की ती रोज कमी होते आहे का. ड्रेसिंग बदलताना काढलेला गॉज लगेच फेकू नका. त्यावरचा डाग केवढा आहे, नाण्याएवढा की तळहाताएवढा, कडेला पिवळी वर्तुळं पडली आहेत का, वास येतो का, हे पाहा आणि तारखेसह फोटो काढून ठेवा. ‘काल जरा जास्त होतं, आज बरं वाटतंय’ यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही, चार दिवसांच्या चार फोटोंवरून येतं.

पाच-सात दिवसांनंतरही जखम झिरपत असेल, किंवा कोरडी झालेली जखम पुन्हा ओली झाली असेल, तर ती त्याच दिवशी सर्जनला दाखवा. टाके काढायची तारीख जवळ आली आहे म्हणून थांबू नका. ताप नाही म्हणूनही निर्धास्त राहू नका, कारण इम्प्लांटच्या (आत बसवलेल्या रॉड, प्लेट, सांध्याच्या) संसर्गात ताप पुष्कळदा येतच नाही. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, रात्री विश्रांतीतही ठणकणं, जखमेभोवतीची लाली पसरणं या खुणा तापापेक्षा जास्त बोलक्या असतात. आणि जखमेवर मनाने पावडर, तेल, मलम काही लावू नका.

आधी गोळ्या सुरू करणं

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. जखम ओली दिसते, कुणीतरी पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या देतं, किंवा घरात उरलेल्या असतात. लाली ओसरते, पाणी थांबतं, सगळ्यांना हायसं वाटतं. गोळ्यांनी मारलेले असतात ते मोकळे फिरणारे जंतू. धातूवरचे जागेवरच असतात. गोळ्या संपल्यावर काही दिवसांनी पाणी पुन्हा सुरू होतं, पुन्हा गोळ्या, कदाचित जास्त कडक. या दोन-तीन फेऱ्यांत आठवडे जातात. तोवर थर पक्का झालेला असतो आणि जखम उघडून, धुऊन इम्प्लांट वाचवण्याची संधी हातची जाते.

दुसरा तोटा पटकन ध्यानात येत नाही. गोळ्या चालू असताना घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढत नाहीत. रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि आत पू असूनही कोणता जंतू आहे ते कळत नाही, मग नेमकं औषध कसं ठरवणार? म्हणून जुनाट संसर्गात नमुने घेण्याआधी शक्य असेल तर सुमारे दोन आठवडे अँटिबायोटिक थांबवतात. अर्थात हा निर्णय सर्जनचा, चालू औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही. आणि हुडहुडी भरून थंडी वाजते आहे, धाप लागते आहे, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो आहे, अशा वेळी कशाचीच वाट न पाहता सरळ इस्पितळ गाठायचं.

वरवरचा स्वॅब आणि एकटा सीआरपी

जखमेच्या तोंडावर कापूस फिरवून घेतलेल्या स्वॅबमध्ये बहुधा कातडीवरचेच जंतू सापडतात. त्यावरून औषध निवडणं म्हणजे नेम चुकण्याची तयारी. खात्रीसाठी शस्त्रक्रियेत खोलवरून, वेगवेगळ्या जागचे, साधारण पाच नमुने घेतात. निदान दोहोंत एकच जंतू निघाला तर तो खरा धरतात. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेससारखे सावकाश वाढणारे जंतू (हा खांद्यात विशेष आढळतो) दिसायला १४ दिवसही लागतात. तिसऱ्या दिवशीच्या ‘नो ग्रोथ’वर समाधान मानू नका.

सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्तचाचणीचंही तसंच. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिचा आकडा आपोआपच चढतो आणि पुढच्या काही आठवड्यांत उतरतो. एकाच आकड्याने घाबरण्यात किंवा खूश होण्यात अर्थ नाही. उतरलेला आकडा पुन्हा चढू लागला तर ती बातमी. ईएसआर या तशाच दुसऱ्या रक्तचाचणीचा आकडा तर काही महिने वाढलेला राहू शकतो. सुरुवातीच्या काळात एक्स-रेही साफ दिसतो.

‘आधी तो धातू काढून टाका’

नातेवाइकांची ही मागणी समजण्यासारखी आहे, पण फ्रॅक्चरमध्ये ती उलटी पडू शकते. हाड हलत राहिलं तर संसर्ग आटोक्यात येत नाही. म्हणून प्लेटची पकड घट्ट असेल आणि संसर्ग अजून ताजा असेल, तर जखम धुऊन, मेलेला भाग काढून, हाड जुळेपर्यंत प्लेट ठेवतात आणि मग काढतात. पकड ढिली असेल तर ती बदलावीच लागते.

कृत्रिम सांध्यात वेळेला फार किंमत आहे. लक्षणं सुरू होऊन तीनेक आठवड्यांच्या आत असतील, सांधा पक्का असेल, तर आत स्वच्छ करून, प्लॅस्टिकचा सुटा भाग बदलून सांधा वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. उशीर झाला की बहुधा सगळा सांधा काढावा लागतो. मग कधी त्याच वेळी नवा बसवतात, कधी मध्ये काही आठवडे अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर (सांध्याची जागा राखणारा तात्पुरता तुकडा) ठेवून दुसऱ्या टप्प्यात. या उपचारात रिफॅम्पिसिन हे अँटिबायोटिक देतात, पण दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच. एकटं दिलं तर जंतू झपाट्याने त्याला दाद देईनासे होतात.

‘ऑपरेशनला दोन वर्षं झाली, आता कसलं इन्फेक्शन’

होऊ शकतं. पायावरचं गळू, लघवीचा गंभीर संसर्ग, दाताच्या मुळाशी झालेला पू, यांतले जंतू रक्तावाटे सांध्यापर्यंत पोहोचतात. छान चालणारा गुडघा एकाएकी गरम होऊन सुजला, पाय टेकवेना, तर ‘मुरगळला असेल’ म्हणून शेकत बसू नका.

याहून फसवी गोष्ट म्हणजे जुन्या व्रणाशेजारी येणारी मुगाएवढी पुळी. ती फुटते, थेंबभर पाणी येतं, खपली धरते, महिन्याने त्याच जागी पुन्हा फुटते. दुखत फारसं नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही. आतल्या धातूपासून कातडीपर्यंत वाट तयार झाल्याची ती खूण असते आणि तिच्यावर मलम लावून काही साधत नाही.

ऑपरेशनआधीच्या चुका

घरी ब्लेडने केस काढू नका; बारीक चिरांमध्ये जंतू वाढतात. गरज पडलीच तर इस्पितळात क्लिपरने काढतात. अंगावर फोड-गळू असेल, पायाच्या बोटांच्या बेचक्या चिघळल्या असतील तर लपवू नका, तारीख पुढे गेली तर जाऊ द्या. तंबाखू-सिगारेट आणि न आवरलेली साखर, दोन्हींमुळे जखम भरायला अडथळा येतो. त्याच सांध्यात गेल्या तीन महिन्यांत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते आवर्जून सांगा. टायटॅनियम महाग आहे म्हणून त्याला जंतू लागत नाहीत, हाही गैरसमज. फार तर उन्नीस-बीसचा फरक.

ऑपरेशनच्या दिवशी अँटिबायोटिकचा डोस महत्त्वाचा असतो तो चिरा देण्याआधीच्या तासाभरात. त्यानंतर दिवसच्या दिवस ‘सुरक्षेसाठी’ ते लांबवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं आहे.

दात काढण्याआधी दर वेळी गोळी घ्यावी का, हा प्रश्न गुडघा बदललेले अनेक जण विचारतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार सर्वसाधारणपणे नाही. प्रतिकारशक्ती फार कमी असणाऱ्यांचा अपवाद सर्जनशी बोलून ठरवतात. मात्र किडलेला दात तसाच ठेवू नका, आणि खुर्चीत बसण्याआधी कृत्रिम सांध्याबद्दल दंतवैद्याला सांगा.